धडधडीचं खापर कोणावर?

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यात एखादी बाई "छातीत धडधड होते" म्हणाली की तिला उत्तर देणारे दोन पक्ष तयार असतात. पहिला पक्ष जुना. त्याचं म्हणणं, टेन्शन आहे, बाकी काही नाही. विचार कमी करा, वेळेवर झोपा. ती अहिराणीत 'जीव घाबरी राह्यना' असं सांगते, आणि त्या 'घाबरणे' शब्दातच ऐकणाऱ्याला निदान सापडतं. दुसरा पक्ष नवा, मोबाइलवरून घरात आलेला. त्याचं म्हणणं, तुमची थायरॉइड मंदावली, अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्या. मीठ बदला, अश्वगंधा सुरू करा, अमुक कॅप्सूल तीन महिने घ्या. हे दोन पक्ष एकमेकांना खोडून काढतात असं वाटतं. पण चूक दोघांची एकच आहे. बाईच्या मनगटावर बोटं ठेवून मिनिटाला किती ठोके पडतात, हे दोघांपैकी कुणीच मोजलेलं नसतं.

आधी जुन्या पक्षाचं. त्याच्या बाजूनं जे खरं आहे ते मान्य करायला हवं. पिट्सबर्गच्या एका रुग्णालयात धडधडीची तक्रार घेऊन आलेल्या १९० रुग्णांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या ४३ टक्क्यांच्या तक्रारीचं मूळ हृदयात निघालं, ३१ टक्क्यांचं मनाच्या आजारात. थायरॉइड, रक्तक्षय, कॉफी-चहा वगैरे सगळ्यांचा मिळून वाटा दहा टक्के. उरलेल्या १६ टक्क्यांचं कारण कळलंच नाही. म्हणजे ताणानं, भीतीनं, मनाच्या आजारानं धडधड होते, आणि अशा रुग्णांची संख्या थोडीथोडकी नाही. त्यांनाही उपचार लागतात, 'कमी विचार करा' एवढ्यानं त्यांचं भागत नाही. पण ही ३१ टक्क्यांची यादी इतर कारणं तपासल्यावर तयार झाली होती. शहाद्यातली यादी तपासण्याआधी तयार होते.

त्याची किंमत कोण मोजतं, हे दुसऱ्या एका अभ्यासातून दिसतं. हृदयातल्या विजेच्या जास्तीच्या वाटेमुळे अचानक ठोके दीडशे-दोनशेवर जाण्याचा एक विकार आहे. झटका आला तसा एकाएकी थांबतोही. हा विकार पुढे पक्का सिद्ध झालेल्या १०७ रुग्णांची जुनी कागदपत्रं अमेरिकन डॉक्टरांनी १९९७ साली तपासली. त्यांपैकी ५५ टक्के जणांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नव्हता. ओळख पटायला मध्यमानानं ३.३ वर्षं लागली होती. न ओळखलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा ताण आहे, घबराट आहे. आणि हे ऐकावं लागलेल्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट होतं. ही अमेरिकेतली, कागदपत्रं नीट ठेवणाऱ्या दवाखान्यांतली गोष्ट. धडगावच्या पाड्यावरून जीपनं शहाद्याला उतरणाऱ्या, मराठीही परकी वाटणाऱ्या पावरा बाईच्या वाट्याला किती वर्षं येत असतील?

थायरॉइडच्या बाबतीत तर ही चूक अधिकच बोचते, कारण थायरॉइड चढण्याच्या, म्हणजे तिनं गरजेपेक्षा जास्त स्राव करण्याच्या आजाराची ओळख मुळात धडधडीमुळेच झाली. इंग्लंडमधल्या बाथ गावचे डॉक्टर केलेब पॅरी यांनी १७८६ साली अशी पहिली रुग्ण पाहिली. गळ्याला सूज, डोळे बाहेर आलेले, आणि हृदयाची इतकी धडधड की प्रत्येक ठोक्याला छाती हादरे. त्यांच्या रुग्णांत एकवीस वर्षांची एक मुलगी होती. चाकाच्या खुर्चीतून उतारावर ती वेगानं फेकली गेली, भयंकर घाबरली आणि तिथून तिचं दुखणं सुरू झालं. पॅरी यांनी त्या भीतीची नोंद केली, पण तिथे थांबले नाहीत. गळाही पाहिला, नाडीही पाहिली. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली ज्या तीन बायकांचं वर्णन केलं, त्यांची मुख्य तक्रार जोरदार आणि दीर्घकाळ चालणारी धडधड हीच होती. जर्मनीतल्या मर्सेबुर्ग गावच्या कार्ल फॉन बासेडो यांनी १८४० साली तीन खुणा एकत्र मांडल्या: गळ्याची गाठ, बाहेर आलेले डोळे, धडधड. ना ईसीजी होता, ना रक्ततपासणी. तरी त्यांना आजार दिसला, कारण त्यांनी बोटं नाडीवर आणि गळ्यावर ठेवली.

गळ्याच्या पुढच्या बाजूला बसलेली ही ग्रंथी जेमतेम वीस ग्रॅमची. तिचा टी३ हा स्राव हृदयाच्या पेशींत शिरून तिथली जनुकं चालू-बंद करतो. परिणामी स्नायू जोरात आकुंचन पावतो, लवकर सैल पडतो, आणि ठोक्यांची गती ठरवणारं केंद्र वरच्या पट्टीत जातं. हे रात्रंदिवस चालतं. घाबरलेल्या माणसाची नाडी झोप लागली की उतरते. थायरॉइड चढलेल्या माणसाची झोपेतही वेगात राहते. जुन्या डॉक्टरांची ही खूण आजही तितकीच खरी आहे, आणि तिला पैसा लागत नाही. पहाटे झोपलेल्या सुनेच्या मनगटावर सासूनं घड्याळ लावून मिनिटभर बोटं ठेवली आणि ठोके शंभरावर मोजले, तर 'टेन्शन' या शब्दावर समाधान मानायला जागा उरत नाही.

खानदेशात आणखी एक अडचण आहे. या आजारात उकाडा सहन होत नाही, घाम फार येतो, भूक चांगली असूनही वजन उतरतं, हात बारीक थरथरतात, शौचाला वारंवार जावं लागतं. मे महिन्यात शहाद्याला पारा चव्वेचाळीसच्या वर गेला असताना उकाडा सहन न होणाऱ्याकडे कोण लक्ष देणार? पपईच्या बागेत किंवा उसाच्या फडात राबणाऱ्या बाईचं वजन उतरलं तर ते कामामुळे. म्हातारा रोडावला तर वयामुळे. म्हाताऱ्या माणसात तर अनेकदा डोळे, थरथर, अस्वस्थता यांतलं काही दिसत नाही. फक्त नाडी अनियमित होते, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते फडफडू लागतात. थायरॉइड चढलेल्या शंभरांपैकी दहा-पंधरा जणांत हा प्रकार आढळतो. त्या फडफडीत रक्ताची गुठळी धरली आणि ती मेंदूकडे गेली की अर्धांगवायू. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात साठीच्या वरच्या २००७ माणसांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. थायरॉइडला काम सांगणारा टीएसएच हा स्राव ज्यांच्यात फार खाली होता, म्हणजे थायरॉइड चढलेली होती, त्यांच्यात ही फडफड इतरांच्या तिप्पट प्रमाणात आढळली. हे निष्कर्ष १९९४ साली छापले गेले.

त्या दोन हजारांत थायरॉइडची गोळी घेणारेही होते, आणि हा मुद्दा मराठी घरांना जवळचा आहे. मंद थायरॉइडसाठी रोज सकाळी थायरॉक्सिनची गोळी घेणाऱ्या बायका आज प्रत्येक गल्लीत आहेत. मुंबईसह आठ शहरांतल्या पाच हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत २०१३ साली दर दहांमागे एकाची थायरॉइड मंद आढळली होती. गोळी सुरू झाली, वर्षानुवर्षं तोच डोस चालू राहिला, वजन घटलं, वय वाढलं, तपासणी मात्र झाली नाही. मग गोळीच जास्त होते आणि धडधड सुरू होते. अशा बाईला 'तुमची थायरॉइड अजून मंद आहे, म्हणून धडधड होते' असं सांगणं म्हणजे उलटं निदान. मंद थायरॉइड सहसा ठोके कमी करते, वाढवत नाही.

इथे थायरॉइडचीच बाजू घेऊन लेख पुढे गेला तर तोही एकांगी ठरेल. नंदुरबार जिल्ह्यात धडधडीचं सगळ्यात सामान्य शारीरिक कारण शोधायचं तर आधी डोळ्याची पापणी खाली ओढून पाहावी लागेल. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं सांगून ठेवलंय. त्यात भिल्ल आणि पावरा वस्त्यांतला सिकलसेल. रक्त पातळ झालं की तेवढाच प्राणवायू पोहोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. ही धडधड म्हणजे हृदयाची मजुरी आहे. तिला मनाचा आजार म्हणणं जितकं अन्यायाचं, तितकंच तिला 'अ‍ॅड्रिनलचा थकवा' म्हणणं.

आता हा थकवा. 'अ‍ॅड्रिनल फटीग' हा शब्द १९९८ साली जेम्स विल्सन या अमेरिकन कायरोप्रॅक्टरनं काढला आणि २००१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. कल्पना सोपी, आणि थकलेल्या माणसाला पटकन पटणारी: सततच्या ताणानं मूत्रपिंडांवर बसलेल्या या दोन ग्रंथी दमतात, पुरेसा कॉर्टिसॉल बनवत नाहीत, म्हणून थकवा, झोपमोड, धडधड. ब्राझीलमधल्या दोन संशोधकांनी २०१६ साली या विषयावरचे ५८ अभ्यास एकत्र तपासले आणि अशा आजाराचा पुरावा सापडत नाही असा निर्वाळा दिला. अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या संघटनांनीही हे निदान मान्य केलेलं नाही. दिवसातून चार वेळा थुंकी तपासून 'थकव्याचा टप्पा' सांगणारी किट या निदानावर विकली जातात. मध्यरात्रीच्या थुंकीतला कॉर्टिसॉल मोजण्याची खरी तपासणी आहे, पण ती ग्रंथी जास्त स्राव करते की काय हे पाहायला, म्हणजे नेमकी उलट्या कामाची.

या पक्षाचा एक युक्तिवाद असा असतो की, निदान चुकीचं असलं तरी वनस्पतींच्या कॅप्सूलनं काय बिघडतं? बिघडतं. 'अ‍ॅड्रिनल सपोर्ट' म्हणून अमेरिकेत खुल्या बाजारात विकली जाणारी बारा उत्पादनं संशोधकांनी तपासली. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. बाराच्या बारा डब्यांत थायरॉइडचा टी३ स्राव सापडला, सातांत एखादं तरी स्टिरॉइड होतं. धडधड थांबावी म्हणून माणूस डबा विकत घेतो आणि त्याच डब्यात धडधड वाढवणारा स्राव असतो. अश्वगंधेबद्दल मराठी वाचकाच्या मनात आदर आहे आणि तो असायला हरकत नाही. पण ती घेतल्यावर थायरॉइड चढल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. धडधड होत असताना, टीएसएच न पाहता ती सुरू करणं हे औषधावरही अन्याय करणारं आहे. केस-नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या डोसचं आणखी वेगळं. काही यंत्रांवर त्यामुळे थायरॉइड खोटीच चढलेली दिसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं याचा इशारा २०१७ साली दिला. रक्त देण्याआधी दोन दिवस ती गोळी बंद ठेवली आणि प्रयोगशाळेला तसं सांगितलं तर हा घोळ टळतो.

या सगळ्यात सर्वांत दुःखाची बाब ही की खऱ्या अ‍ॅड्रिनल आजाराकडे कुणाचं लक्षच जात नाही.

तो आजार लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली लिहून ठेवला. भूक मरते, वजन उतरतं, रक्तदाब खाली जातो, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि नाडी धावते. कातडी, हिरड्या, तळहाताच्या रेषा काळवंडतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना हा आजार होता, १९४७ साली लंडनमध्ये निदान झालं आणि स्राव बाहेरून घेत ते पुढे जगले. अ‍ॅडिसन यांच्या रुग्णांत क्षयानं ग्रंथी खाल्लेले रुग्ण होते, आणि भारतात क्षय आजही या आजाराचं मोठं कारण आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे क्षय घराघरांत ओळखीचा आहे, तिथे काळवंडत जाणाऱ्या, सतत ओकणाऱ्या, बसल्या जागेवरून उठताना धडपडणाऱ्या माणसाचा सकाळी आठचा कॉर्टिसॉल पाहायला हवा.

आणि दुसरं कारण तर माणसानंच तयार केलेलं. सांधेदुखीवर, दम्यावर, अंगदुखीवर गावोगाव कागदाच्या पुडीतून रंगीत गोळ्या दिल्या जातात. दोन दिवसांत आराम पडतो, भूक लागते, चेहरा भरतो. त्यांत अनेकदा स्टिरॉइड असतं. महिनोन्‌महिने ते बाहेरून मिळालं की मेंदू अ‍ॅड्रिनलला काम सांगणंच सोडतो. मग पुडी संपते, देणारा गाव बदलतो, किंवा ऊसतोडीला गेलेल्या माणसाला ती मिळत नाही, आणि एखाद्या साध्या तापात त्याचा रक्तदाब कोसळतो, नाडी सैरभैर होते. हा जीव घेऊ शकणारा प्रसंग आहे. थकलेल्या अ‍ॅड्रिनलची गोष्ट सांगायचीच असेल तर ती ही आहे. तिचा दोष शहरी ताणावर जात नाही, त्या पुडीवर जातो. तिच्यावर उपाय म्हणून पुन्हा स्टिरॉइड असलेला, फक्त सुंदर वेष्टणातला डबा विकणारे, आणि पुडी विकणारे, यांच्यात रुग्णाच्या दृष्टीनं काय फरक आहे?

अ‍ॅड्रिनलचा आणखी एक आजार उलट्या टोकाचा. ग्रंथीच्या आतल्या गाभ्यात गाठ होते आणि ती अधूनमधून अ‍ॅड्रिनलिनचा लोट रक्तात सोडते: डोकं फुटेल असं दुखतं, घामानं अंग भिजतं, चेहरा पांढरा पडतो, छाती धडधडते, रक्तदाब आभाळाला भिडतो, अर्ध्या तासात सगळं शांत. डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत दाब नेहमीसारखा. असे रुग्ण दर दहा लाखांत वर्षाला दोन ते आठ. २०११च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांच्या नंदुरबार जिल्ह्यात हिशेबानं तीन ते तेरा. थोडे आहेत, म्हणून विसरून चालत नाही. कारण धडधड म्हटलं की सहज लिहून दिली जाणारी, ठोके कमी करणारी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी थायरॉइडच्या रुग्णाला आराम देते, पण या गाठीच्या रुग्णाला आधी दुसरं औषध न देता तीच एकटी दिली तर रक्तदाब आणखी उसळू शकतो. एकच तक्रार, एकच गोळी, दोन उलट परिणाम. झटका चालू असताना रक्तदाब मोजणं आणि चोवीस तासांच्या लघवीतले, अ‍ॅड्रिनलिनपासून बनणारे मेटानेफ्रिन पाहणं, एवढ्यानं बहुतेक शंका फिटते.

थायरॉइड आणि अ‍ॅड्रिनल यांचा संबंधच नाही, असं मात्र कुणी समजू नये. संबंध आहे, नवा पक्ष सांगतो तसा नाही, इतकंच. थायरॉइड चढलेल्या माणसाच्या रक्तात अ‍ॅड्रिनलिन वाढलेलं नसतं. ते सर्वसाधारण किंवा थोडं कमीच असतं. हृदयच त्याला जास्त प्रतिसाद देऊ लागतं. दुसरा संबंध अधिक धोक्याचा. काही जणांत शरीराची प्रतिकारशक्ती दोन्ही ग्रंथींवर एकदमच उलटते. अशा माणसाची फक्त थायरॉइड मंद आहे असं समजून थायरॉक्सिन सुरू केलं, तर आहे तेवढा कॉर्टिसॉलही भराभर खर्च होतो आणि माणूस कोसळतो. म्हणून आधी कॉर्टिसॉल, मग थायरॉक्सिन, असा क्रम पाळतात. हा क्रम ठरवायला रक्ततपासणी लागते. मोबाइलवरची प्रश्नावली तिथे उपयोगाची नाही.

राहिला मिठाचा आरोप. 'आयोडीनयुक्त मिठानंच घरोघरी थायरॉइड आणली, सैंधव खा' हा संदेश शहाद्याच्या कुटुंबांच्या गटांतही फिरतो. त्यात सत्याचा एक कण आहे. आयोडीनचा तुटवडा असलेल्या प्रदेशात ते एकदम वाढवलं की जुन्या गाठी असलेल्या म्हाताऱ्यांची थायरॉइड काही काळ चढते. टास्मानियात १९६६ साली पावात आयोडीन घालायला सुरुवात झाली तेव्हा अशा रुग्णांची संख्या वाढली होती, आणि काही वर्षांनी ती खालीही आली. पण या एका कणावर सगळ्या मिठाला दोषी धरायचं तर हिमालयातल्या कांग्रा खोऱ्याचं काय? तिथे १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे एक लाख लोकांवर आयोडीनयुक्त मीठ आजमावलं आणि गलगंड उतरला; १९६२ साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम त्या पायावर उभा राहिला. गलगंड फक्त हिमालयाचा नव्हता. हिमालयाबाहेरच्या जुन्या नोंदींत नंदुरबारजवळचा भरूच आहे, आपल्याकडचा तेव्हाचा औरंगाबाद जिल्हाही आहे. बिनआयोडीनच्या मिठावरची बंदी २००० साली उठवली गेली आणि १७ मे २००६ पासून ती पुन्हा लागू करावी लागली.

हिशेब साधा आहे. दुकानातल्या मिठात दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असायला हवं. दिवसाला दहा ग्रॅम मीठ पोटात गेलं तर १५० मायक्रोग्रॅम मिळतं, प्रौढ माणसाची रोजची गरज तेवढीच. उलट हृदयाचे अनियमित ठोके सावरायला दिल्या जाणाऱ्या अमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं, म्हणजे पाचशे दिवसांच्या गरजेइतकं. सगळं मोकळं होत नाही, पण रोज जितकं सुटतं तेही गरजेच्या कितीतरी पट. आयोडीनची काळजी करायचीच तर या गोळीवरच्या रुग्णाची थायरॉइड दर सहा महिन्यांनी पाहिली जाते का, याची करावी. समुद्री शेवाळाच्या 'थायरॉइड सपोर्ट' कॅप्सूलची करावी. गरोदर बाईच्या पानातलं मीठ काढून घेऊ नये. तिची गरज २५० मायक्रोग्रॅमची आहे आणि पोटातल्या बाळाचा मेंदू त्यावर घडतो.

मीठ बाजूला ठेवून पुन्हा ताणाकडे. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश ४ मे १९९१ रोजी कॅम्प डेव्हिडला धावताना दमले. ठोके अनियमित होते. त्यांच्यावर जगाचा भार होता, आखाती युद्ध दोनच महिन्यांपूर्वी संपलं होतं; ताणाचं कारण द्यायचं तर याहून चांगला माणूस मिळाला नसता. डॉक्टरांनी ताण म्हणून सोडलं नाही, रक्त तपासलं, आणि त्याच आठवड्यात ग्रेव्ह्जचा आजार सापडला, उपचारही सुरू झाले. त्यांच्या पत्नी बार्बरा यांनाही हाच आजार दोन वर्षं आधी झाला होता.

बुश यांना मिळालेला किरणोत्सारी आयोडीनचा उपचार भारतात दुर्मीळ नाही. मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून थायरॉइडचे रुग्ण पाहतंय. कार्बिमॅझोलची गोळी तर तालुक्याच्या औषध दुकानात मिळते. ती घेताना ताप आणि घसा दुखला तर त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजायच्या, एवढं मात्र प्रत्येक रुग्णाला सांगितलं गेलं पाहिजे. उपचार आहे, औषध आहे. शहाद्यापासून धुळे, सुरत, नाशिक एका दिवसाच्या अंतरावर आहेत. अडतं ते पहिल्या खोलीत, जिथे बाई स्टुलावर बसून तक्रार सांगते. तिथे केसपेपरवर पाच नोंदी व्हायला हव्यात: मिनिटभर मोजलेली नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, ईसीजी, टीएसएच. आणि सहावी, विचारून लिहिलेली: कुठली पुडी, कुठली कॅप्सूल, किती दिवसांपासून.